पांढऱ्या पाठीचा नकटा

मुकुंदमास्तर कडी वाजवतील म्हणून गिरिधरराव टेंभुर्णीकर रविवारी उजाडता उजाडता बूट घालून ओट्यावर बसले होते, आणि मास्तर त्यांच्या डोळ्यांदेखत गजाननराव वकिलांच्या टांग्यातून मोती तलावाकडे निघून गेले. जाताना मास्तरांनी हातसुद्धा हलवला. गिरिधररावांनी तो न दिसल्यासारखे केले आणि बुटाची नाडी सोडायला घेतली.

"आज न्हाई जायचं?" प्रेमलाबाईंनी आतून विचारले.

"बूट चावून राह्यला."

"मागच्या रविवारी पण चावला होता." प्रेमलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. टांगा अजून वळणावर दिसत होता. "बूट चावतो का वकील चावतो?"

गिरिधररावांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

गिरिधरराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निजामाचे राज्य जाऊन बरीच वर्षे झाली तरी जालन्यातली जुनी माणसे त्या खात्याला तामिरातच म्हणत. मुकुंद परतूरकर हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. दोघांनाही पाखरांचे वेड. मास्तरांच्या चष्म्याच्या काचा जाड. पलीकडच्या काठावर बगळा उभा आहे की कुणी वाळत घातलेला पंचा, हे त्यांना सांगावे लागे. सांगायचे काम गिरिधररावांचे. "चोच काळी. डोळ्यामागून पांढरी रेघ. पाय चिखलात आहेत, दिसत न्हाईत." एवढे सांगितले की मास्तरांचा कोळसा कागदावर फिरू लागे, आणि थोड्या वेळाने न पाहिलेले पाखरू कागदावर हुबेहूब उतरे. तलावाच्या बांधावर एक सपाट दगड होता. त्यावर दोन माणसे अंग चोरून बसू शकत. तिसऱ्याला जागा नव्हती, आणि इतक्या वर्षांत तिची गरजही पडली नव्हती.

मग दिवाळीत वकील मुंबईला गेले आणि गळ्यात दुर्बीण घालून परत आले. चांगली दोन डोळ्यांची, काळ्या चामड्याच्या पट्ट्याची. ती गळ्यात घालूनच ते कोर्टाच्या बाररूममध्ये बसत. पाखरांतले त्यांना फारसे कळत नसे. शेकाट्याला ते बगळ्याचे पिल्लू म्हणत. पण त्यांनी ती दुर्बीण एका रविवारी मास्तरांच्या डोळ्यांना लावली, आणि समोरच्या बाभळीवर खंड्या बसलेला होता.

मास्तरांनी दुर्बीण दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग म्हणाले, "गिरिधरराव, ह्याच्या निळ्यात हिरवं पण आहे."

"मी सांगितलं होतं की."

"सांगितलं होतं. पण आहे." आणि मास्तर पुन्हा दुर्बिणीत शिरले.

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होते, ते गिरिधररावांनी इतकी वर्षे सांगून सांगून एकदाही आणले नव्हते. वकील मोठ्या मनाने म्हणाले, "घ्या, तुम्ही पण बघा." गिरिधरराव म्हणाले, "आम्हाला लागत न्हाई." पुढच्या आठवड्यात मास्तरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "रविवारी काम आहे." काम नव्हते. मास्तरांनी आणखी एकदा आग्रह करावा एवढेच होते. पण मास्तर साधे माणूस; काम आहे म्हटल्यावर त्यांनी काम आहे असे धरले आणि दगडावरच्या रिकाम्या जागी वकील बसले.

"तुम्ही पण घेऊन टाका एक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "निदान घरात असे गुरगुरत तर फिरणार न्हाईत."

"मी गुरगुरून न्हाई राह्यलो."

"मंग मांजर असेल."

त्याच दुपारी गिरिधरराव जुन्या जालन्यात रायभानच्या दुकानी गेले. जहागिऱ्या गेल्यापासून नवाबांच्या देवड्यांमधले, म्हणजे वाड्यांमधले सामान रायभानकडे येऊन पडत असे: हंड्या, हुक्के, दाढीचे आरसे, एका पायाने लंगडणाऱ्या खुर्च्या. रायभान त्या सगळ्यांच्या मधोमध पोत्यावर बसून असायचा.

"दुर्बीण हाये का?"

"दोन हायेत, साहेब. एक मिल्टरीची, एक नवाबाची. तुमी बगून घ्या. म्या काय त्यातला न्हाई."

गिरिधररावांनी आधी मिल्टरीची उचलली. दोन डोळ्यांचीच होती, रंग उडालेली. ती डोळ्यांना लावून त्यांनी गल्लीच्या टोकाच्या कापडदुकानाकडे पाहिले. दुकानाची पाटी हातभर अंतरावर आल्यासारखी दिसली. पायरीवर एक शेळी चारी पाय खाली टेकवून उभी होती. गिरिधररावांनी दुर्बीण काढली, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, पुन्हा लावली. शेळी तशीच उभी.

"सरळ दिसून राह्यलं," ते म्हणाले.

"मंग? सरळच दिसाया पायजे ना, साहेब?"

गिरिधररावांनी त्याच्याकडे दयेने पाहिले. त्यांची वीस वर्षे लेव्हलच्या दुर्बिणीत गेली होती. रस्ता असो, कालवा असो, समोर एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहतो आणि ओव्हरसियर तिपाईवरच्या दुर्बिणीतून ते आकडे वाचतो. त्या दुर्बिणीत पट्टी खाली डोके वर पाय दिसते, पट्टी धरणाराही तसाच, आणि त्याच्या मागचे झाडही. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी गरगरते. "साहेब, उलटं दिसतंय," असे प्रत्येक नवा माणूस म्हणतो, आणि गिरिधरराव प्रत्येकाला एकच उत्तर देतात: "चार दिवसांत डोळा बसेल." त्यांचा स्वतःचा डोळा असा बसला होता की काचेतले जग ते नकळत मनातल्या मनात फिरवून घेत. लेव्हलखेरीज दुसऱ्या दुर्बिणीला त्यांनी आयुष्यात डोळा लावला नव्हता.

"रायभान, दुर्बिणीत उलटं दिसतं. सगळ्याच दुर्बिणींत. सरळ दिसलं म्हणजे आतलं एखादं भिंग निसटलं समजायचं."

"आरं बापा," रायभान म्हणाला. "बरं झालं तुमी आले. म्या कुन्या तरी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलीच असती."

त्याने ती दुर्बीण मागच्या फळीवर हुक्क्यांच्या आड टाकून दिली आणि नवाबाची काढली. पितळेची, हाताएवढी लांब नळी, खाली तीन पायांची घोडी. "ही मातर आदीच सांगतो साहेब, नवाबसाहेब हिच्यातून चाँद बगायचे म्हन्तेत. बाकी कायला चालती का न्हाई, मला ठावं न्हाई. म्या एकदा बगितलं तं हिच्यात..."

"बोलू नका जरा."

गिरिधररावांनी घोडी रोवली, एक डोळा मिटला, स्क्रू फिरवला. पाटी उलटी झाली. शेळी पाय वर करून पायरीला लोंबकळू लागली. गिरिधररावांच्या जिवाला बरे वाटले. त्यांनी उलटी पाटी मालकाच्या बापाच्या नावासकट झरझर वाचून दाखवली.

"ही खरी," ते म्हणाले. "हिला दुर्बीण म्हणतात. आणि हे बघा, वकिलाच्या दोन डोळ्यांत मिळून दिसत नसेल ते एका डोळ्यात दिसून राह्यलं."

"कोन्चे वकील?" रायभानने विचारले. पण गिरिधररावांनी तोवर नळी खांद्यावर टाकली होती.

घरी नळी गच्चीवर गेली. प्रेमलाबाईंना वर बोलावून गिरिधररावांनी नळी शेजारच्या गच्चीवर लावली, आणि प्रेमलाबाईंनी डोळा लावताच किंचाळी आवरली.

"अहो, नंदाबाई डोक्यावर चालून राह्यल्या."

"डोळा बसला न्हाई तुझा अजून."

"आणि त्यांचं लुगडं आभाळात गळून राह्यलं."

"चार दिवस बघत जा. आपोआप सरळ वाटतं."

"आणि मंग भाकरी उलटी वाटली तर?" प्रेमलाबाई जिन्याकडे निघाल्या. "मला न्हाई बसवायचा डोळा. मला चूल आहे तशी दिसू द्या."

त्यानंतर गिरिधरराव कचेरीच्या आधी, सकाळी सकाळी, तलावाच्या पलीकडच्या काठाला जाऊ लागले. दगडाच्या बाजूला ते फिरकत नसत. नळीत सगळे कसे जवळ येई. चिखलात चाललेला वंचक, लव्हाळ्यात लपलेली पाणकोंबडी, सगळी उलटी येत आणि गिरिधररावांच्या मनात सरळ होऊन बसत. त्यांना वाटे, हे मास्तरांना सांगावे. आणि मग वाटे, मास्तरांना आता कोण कशाला सांगायचे? ते स्वतःच बघतात.

अशाच एका सकाळी पाण्याकाठच्या झाडांमागून एक मोठे पाखरू उठले आणि आभाळात लांबवर एका रेषेत निघाले. गिरिधररावांनी नळी त्याच्यावर धरली. हात सराईत होता, पाखरू काचेतून सुटले नाही. बदकाच्या जातीचे, पण दांडगे. वरची बाजू पांढरी. खालची बाजू काळी, उन्हात हिरवट चमकणारी. आणि चोचीच्या खाली एक मांसल गाठ लोंबत होती.

नकटा. असल्या गाठीचे बदक दुसरे नाही. पण असा नकटा त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता.

नळी खांद्यावर तशीच ठेवून ते थेट मास्तरांच्या घरी गेले. मास्तर दात घासत होते.

"मास्तर, कागद घ्या."

"काय झालं? बसा तर खरं. किती दिवसांनी आले. तुमचं काम संपलं का?"

"संपलं. कागद घ्या."

आणि मग जुन्यासारखे सुरू झाले. गिरिधरराव डोळे मिटून सांगत होते, मास्तरांचा कोळसा फिरत होता. पाठ पांढरी. पोट काळं, त्यात हिरवी झाक. पंख काळे. चोचीखाली गाठ. मास्तर मध्येच थांबले.

"वकिलांनी पण परवा उडताना पाहिला एक नकटा. माझ्या हाती दुर्बीण येईस्तोवर गेल्ता. पण ते तर म्हणाले, पाठ काळी अन् पोट पांढरं. गाठ चोचीच्या वर."

गिरिधररावांना जे कळायचे ते क्षणात कळले. पाखरू तेच असणार; वकिलांचा डोळा बसलेला नाही. उलटे दिसते ते माणूस तसेच उलटे सांगतो आहे. धंद्यातली गोष्ट, सांगितली तर वकील उद्यापासून शहाणा होईल. गिरिधररावांनी ती सांगितली नाही. ते एवढेच म्हणाले, "वकिलांचा डोळा अजून तयार न्हाई, मास्तर. तुम्हाला कुणाचं धरायचं ते धरा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गिरिधरराव त्यांच्याकडे पाहत होते. वरच्या अधिकाऱ्याने त्यांचे काम तपासले तेव्हासुद्धा त्यांनी निकालाची अशी वाट पाहिली नव्हती.

"इतक्या वर्षांत तुम्ही सांगितलेलं एकदाही चुकलं न्हाई," मास्तर म्हणाले. आणि काळ्या पोटात कोळसा भरू लागले.

मास्तरांनी नुसता कागद काळा केला नाही. शाळा तपासायला औरंगाबादहून इन्स्पेक्टर यायचे होते, आणि हेडमास्तरांना सभागृहात काहीतरी भव्य हवे होते. मास्तरांनी मोठ्या फळीवर तैलरंगात नकटा काढला. मागे नुसते निळे आभाळ, त्यात पंख पसरून निघालेला, पांढऱ्या पाठीचा, चोचीखाली गाठ लोंबणारा. त्याच्याखाली मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'निरीक्षण: गिरिधर टेंभुर्णीकर. चित्र: मुकुंद परतूरकर.' सुताराने चौकट ठोकली. चित्र भिंतीवर चढले. गिरिधरराव कचेरीतून घरी जाताना रोज वाट वाकडी करून शाळेवरून जाऊ लागले.

वकिलांनी ते चित्र मास्तर आणि गिरिधररावांसमोर पाहिले तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे गळ्यातली दुर्बीण हातात घेतली, जणू तीच साक्षीदार.

"मास्तर, चोचीखाली गाठ? नकटा आहे का कोंबडा? आणि माझं नाव कुठंय? मी पण पाहिला होता."

"तुम्ही सांगितलेलं ह्याच्यात न्हाई ना, वकीलसाहेब."

"कारण मी खरं सांगितलं." वकील गिरिधररावांकडे वळले. "टेंभुर्णीकर, तुमच्या त्या पाइपातून तुम्हाला काय दिसतं कोण जाणे. सोमवारी इन्स्पेक्टर येऊन राह्यला. त्याला पाखरांतलं कळत असलं तर हसू मास्तरांचं होईल, तुमचं न्हाई."

हे गिरिधररावांना लागले, कारण ते खरे होते. "रविवारी तलावावर या," ते म्हणाले. "मी नळी आणतो, तुम्ही तुमचा चष्मा आणा. मास्तर दोन्हीतून बघतील. माझी नळी खोटी निघाली तर चित्र मी स्वतः उतरवतो."

रविवारी कडी वाजली. गिरिधररावांचा बूट अजिबात चावला नाही.

तलाव आरशासारखा पडला होता. वारा नव्हता. नकट्याचा कुठे पत्ता नव्हता, पण पाण्याच्या मधोमध एक चक्रवाक होता. नारिंगी अंग, फिकट डोके, जागच्या जागी तरंगत झोप काढत असलेला. वकील सवयीने दगडावर बसायला गेले आणि गिरिधररावांनी तिथे आपली पिशवी ठेवली.

"नकटा न्हाई तर न्हाई," वकील उभ्यानेच म्हणाले. "नळीत काही दिसतं का, ते आधी बघू. हा चक्रवाक दाखवा."

गिरिधररावांनी घोडी रोवली, चक्रवाक काचेच्या मधोमध आणला आणि स्क्रू आवळले. "कुणी हात लावायचा न्हाई. नुसता डोळा लावा. आणि पहिल्यांदा काही वेगळं वाटलं तर घाबरू नका."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. गिरिधरराव वाट पाहत राहिले. आता मास्तर म्हणणार, उलटं आहे. आपण म्हणणार, बसेल डोळा.

"वा," मास्तर म्हणाले.

"काय वा?"

"स्वच्छ आहे. डोळ्याभोवतीचं पीससुद्धा मोजून घ्या. खाली पाण्यात प्रतिबिंब तर असं पडलंय, दुसरा चक्रवाकच." ते नळीला चिकटले. "गिरिधरराव, ही वकिलांच्यापेक्षा भारी आहे."

मास्तरांच्या चेहऱ्यावर ते आले होते. खंड्याच्या दिवशीचे. गिरिधररावांनी ते मिटक्या मारत पाहिले. आणि मास्तरांचा डोळा पहिल्या झटक्यात बसला, याचेही त्यांना कौतुक वाटले. चित्रकाराचाच डोळा शेवटी.

"मला बघू," वकील म्हणाले. त्यांनी वाकून पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. वर आले तेव्हा गळ्यातली दुर्बीण त्यांना जड झाल्यासारखी दिसत होती. "साफ आहे," ते म्हणाले. "मोठं पण दिसतं. चोच तेवढी माझ्या दुर्बिणीत डावीकडं होती, हिच्यात उजवीकडं झाली."

"वळला असंल तो," गिरिधरराव म्हणाले. "वकीलसाहेब, ज्या नळीत चक्रवाक असा दिसतो, तिच्यात नकटा खोटा कसा दिसेल, हे तुम्हीच कोर्टाला सांगा."

वकिलांनी थोडा विचार केला. "न्हाई सांगता येणार," ते म्हणाले. "चित्र राहू द्या."

गिरिधररावांनी दगडावरची पिशवी उचलली आणि पुष्कळ दिवसांनी आपल्या जागेवर बसले. मास्तर पुन्हा नळीशी वाकून एका हाताने कागदावर रेघा ओढत होते. एवढ्यात पलीकडच्या उतारावरून तिथल्या वस्तीतली आसराबाई आपली म्हैस घेऊन पाण्याकडे आली. म्हशीने पाण्यात पाय घातला आणि लाटांच्या कड्या हळूहळू तलावाच्या मध्याकडे निघाल्या.

"गिरिधरराव," मास्तर म्हणाले. "चक्रवाक फुटला."

"फुटला म्हणजे?"

"त्याचे तुकडे झाले. मान एकीकडं, शेपूट एकीकडं. सगळा थरथरून राह्यला. पण..." मास्तर थांबले. "पण प्रतिबिंब जसंच्या तसं आहे."

"असं कसं होईल? उलट होत असेल."

"तेच म्हणतो मी. पाखरू हललं अन् प्रतिबिंब गप आहे." मास्तर डोळा न काढता म्हणाले. "आता ते प्रतिबिंब मान हलवून राह्यलं. आता ते प्रतिबिंब चाललं. पाय... अहो, पाण्यातली म्हैस दिसून राह्यली. ती खालून येऊन राह्यली. पाठीवर. आभाळाला पाय लावून."

वकिलांनी मास्तरांना बाजूला केले, नळीत पाहिले, स्क्रू सैल करून नळी काठाकडे फिरवली. काठावर आसराबाई डोक्यावर उभी होती. वकील हसत हसत तिथेच मातीत बसले. पलीकडून आसराबाईने ओरडून विचारले, "काय झालं वो? माझ्या म्हशीला काय हसून राह्यले?"

"ह्यात हसण्यासारखं काय आहे?" गिरिधरराव ताठ होऊन म्हणाले. "दुर्बिणीत उलटंच दिसतं. तुमचा डोळा बसला न्हाई इतकंच."

वकिलांना हसण्यात बोलता येईना म्हणून त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून नुसती पुढे केली. या वेळी गिरिधररावांनी ती घेतली. डोळ्यांना लावली. म्हैस पाण्यात पायांवर उभी होती. आसराबाई कमरेवर हात ठेवून पायांवर उभी होती. मागचे झाडही जमिनीतून वर आले होते.

"तुमची पण बिघडलेली आहे," गिरिधरराव म्हणाले.

मग त्यांना रायभानच्या फळीवरची मिल्टरीची आठवली. तीही बिघडलेली. मुंबईची बिघडलेली आणि जालन्याचीही बिघडलेली. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, पुन्हा लावली, आणि सावकाश वकिलांच्या हातात दिली. लाटा विरल्या, चक्रवाक उडून गेला.

"मंग नकटा?" मास्तरांनी हळूच विचारले.

"जमीन दिसली की मी फिरवून घेतो," गिरिधरराव म्हणाले. "झाड, माणूस, भिंत. हाताला सवय आहे तशी डोळ्याला सवय आहे. आभाळात धरायला काही नव्हतं, मास्तर. लेव्हल कधी कुणी आभाळाला लावत न्हाई." ते घोडीचे पाय मिटू लागले. "वकीलसाहेबांचं खरं होतं. पाठ काळी. चला, मी चित्र उतरवतो. इन्स्पेक्टर यायच्या आत."

वकिलांचे हसू कुठल्या कुठे गेले होते. ते म्हणाले, "टांगा आहे." तिघे टांग्यातून शाळेत गेले. वाटेत मास्तर एवढेच म्हणाले, "तुम्हाला काम न्हाई हे मला आधीच कळायला पाहिजे होतं," आणि गिरिधररावांनी बुटांकडे पाहिले.

सभागृहात बाकावर चढून गिरिधररावांनी चौकट खिळ्यावरून काढली. ती चांगली जड होती. हातातून निसटेल म्हणून त्यांनी ती कशीबशी फिरवून खाली भिंतीला टेकवली आणि कपाळाचा घाम पुसला. मागे वळून पाहतात तो मास्तर आणि वकील दोघेही चित्राकडे टक लावून उभे.

"हात लावू नका," मास्तर म्हणाले.

"का?"

"तुम्हाला दिसत न्हाई?"

गिरिधररावांनी पाहिले. त्यांना काही फरक दिसेना. वकिलांनीच शेवटी बोट दाखवले. फळी खाली डोके वर पाय टेकली होती. मागे नुसते निळे आभाळ. त्यात पंख पसरून निघालेला नकटा: पाठ काळी, हिरवट चमकणारी, पोट पांढरे, आणि गाठ चोचीच्या बरोबर वर. असा नकटा तलावावरून उडताना कुणीही पाहिला असता.

मास्तरांनी दोऱ्या सोडून दुसऱ्या बाजूला बांधल्या. चित्र पुन्हा खिळ्यावर चढले. आता नावांची ओळ वर गेली होती आणि तिचे अक्षरन् अक्षर उलटे झाले होते.

"तेवढं पुसा," वकील म्हणाले.

"तैलरंग आहे. पुसला की डाग पडतो," मास्तर म्हणाले. त्यांनी मागे सरून पाहिले. "राहू द्या. आभाळात कोण बघतं."

वकील मान खांद्याला टेकेपर्यंत वाकडी करून ओळीखाली उभे राहिले. "दुर्बीण माझी. खरा नकटा पाहिला मी. अन् नाव ह्यांचं," ते पुटपुटले. "बघू तरी काय लिहिलंय. प... र... हे काय आहे?"

गिरिधररावांनी हात पाठीमागे बांधले आणि मान जराही न हलवता ती ओळ एका दमात वाचून दाखवली.

सोमवारी इन्स्पेक्टर चित्रासमोर थांबले, बरे आहे म्हणाले आणि शेतकीच्या वर्गाकडे गेले.

पुढच्या रविवारी गिरिधरराव बूट घालून ओट्यावर बसले होते. कडी वाजवायला दारात वकील उभे होते. गळा मोकळा होता.

"मास्तर टांग्यात आहेत," ते म्हणाले. "माझी दुर्बीण त्यांच्या गळ्यात आहे." मग आत प्रेमलाबाई नाहीत असे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "ती तुमची नळी बरोबर घेता का? कालपासून विचार करून राह्यलो. डोळा बसायला खरंच चारच दिवस लागतात?"

"लागतात कुणाला जास्त," गिरिधरराव उठत म्हणाले. "खुर्ची आणली का? दगडावर जागा न्हाई."